ऐन ऑगस्टात झोपाळ्याला लॅकर: एका कामाची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटला माझा लाकडाच्या पॉलिशचा छोटा गाळा आहे. मी आणि दोन पोरं. दारं, देव्हारे, जुनी कपाटं असलं काम चालतं, नवं फर्निचर कमीच. हे प्रकरण २०२५ च्या ऑगस्टमधलं आहे, गिऱ्हाइकाची ओळख लपवून लिहितोय पण तारखा आणि चुका आहेत तशाच ठेवल्यात कारण चुका काढून टाकल्या तर लिहिण्यात अर्थच राहत नाही.

नौपाड्यातली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली होती, ती पूर्ण होऊन मंडळी नव्या फ्लॅटमध्ये आली. जुन्या घरातला झोपाळा चार वर्षं कोणाच्या तरी माळ्यावर पडून होता. साडेपाच बाय दोन फुटांची सागवानी फळी, दीड इंच जाड, चार पितळी कड्या आणि मोर-हत्तीवाल्या साखळ्या. काकूंना (मी त्यांना काकूच म्हणतो) तो गणपतीच्या आत टांगून हवा होता. गणपती २७ ऑगस्टला. फळी माझ्याकडे आली ५ तारखेला, म्हणजे बावीस दिवस. मनात म्हटलं भरपूर झाले.

साखळ्यांनाही लॅकर मारून द्या म्हणाल्या, म्हणजे पितळ काळं पडणार नाही. त्याला मी नाही म्हटलं. कड्या एकमेकींवर घासतात, तिथलं लॅकर आठवड्यात जातं आणि मग उघडं पितळ काळं पडतं, झाकलेलं पिवळं राहतं, असं चट्ट्यापट्ट्याचं ध्यान दिसतं. त्यापेक्षा चिंच किंवा पितांबरी बरी. हा निर्णय तेवढा बरोबर निघाला.

कोणतं फिनिश, यावर झालेली चर्चा

पर्याय चार होते. पीयू (पॉलियुरेथेन) सगळ्यात टणक, पाणी-चहा सांडला तरी चिंता नाही, पण काकूंच्या मुलाच्या घरी पीयूचं टेबल आहे आणि त्यांना ते "काचेत ठेवल्यासारखं" वाटतं. शिवाय पीयूवर ओरखडा पडला की तेवढाच दुरुस्त करता येत नाही, जवळपास अख्खं घासून परत मारावं लागतं. मेलामाइन स्वस्त पडतं पण त्यात हार्डनर (कडक करणारं रसायन) असतो, वास डोळ्यांत जातो आणि तो पुढे कितीतरी दिवस येत राहतो, घरात लहान नात आहे. तिसरं आपलं जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश. त्यावर मूळ पॉलिश तेच होतं, दिसायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण रोज बसायच्या फळीवर घामाने आणि पाण्याने ते लवकर उतरतं. चौथं एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज.

मी एनसी सुचवलं आणि आजही तेच सुचवीन. ते फक्त थिनर (पातळ करायचं द्रव्य) उडून सुकतं, आत काही रासायनिक क्रिया होत नाही, त्यामुळे नवा हात (म्हणजे थर) मारला की तो खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. दहा वर्षांनी घासून वर दोन हात मारले तरी एकजीव होतं. झोपाळ्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वस्तूला हे महत्त्वाचं. (गंमत म्हणजे लॅकर हा शब्द आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला आणि आता डब्यात भरून परत आलाय, आतमध्ये लाखेचा कण नाही.)

पण एनसीच्या ज्या गुणासाठी मी ते निवडलं त्याच गुणाने पुढे मला रडवलं. ते थिनर उडून सुकतं, आणि थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हातावर स्पिरिट ओतलं की गार लागतं ना तसं. हवेत २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २५ डिग्रीलाच दव धरतं. म्हणजे फळी तीन डिग्रीने गार झाली की ओल्या लॅकरवर हवेतलं पाणी बसलं. तेच हवामान ६० टक्क्यांचं असेल तर साडेएकोणीसपर्यंत उतरावं लागतं, तेवढं सहसा होत नाही. ऑगस्टातलं ठाणे कोणत्या बाजूला पडतं ते सांगायला नको.

अडचण पहिली: डोळे

जुनं पॉलिश कसलं आहे हे बघायची साधी रीत आहे. न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिट लावायचं, चिकट होऊन सुटलं तर लाख. त्याने काही झालं नाही पण लॅकर थिनरने सुटलं तर एनसी. दोन्हीला दाद देत नसेल तर पीयू किंवा मेलामाइन. मी फळीच्या खालच्या बाजूला बघितलं, स्पिरिटने लगेच सुटलं, म्हटलं लाख आहे, सोपं काम. वरच्या बाजूला बघितलंच नाही. लाखच आहे म्हणून रिमूव्हरही लावला नाही, पोरांनी १२० आणि मग १८०, २२० नंबरच्या घासायच्या पेपरने घासून काढली, लाकूड सोन्यासारखं निघालं, फोटो काढून काकूंना पाठवला, त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

१२ तारखेला सीलरचा, म्हणजे लॅकरखाली लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या थराचा, पहिला हात. फवारायच्या गनने अर्धी फळी छान झाली आणि एका टोकाला, साधारण फूटभर भागात, ओला सीलर बघता बघता मागे सरकायला लागला. ज्वारीच्या दाण्याएवढे गोल खड्डे, मधे कोरडं लाकूड आणि भोवती सीलरची कड, माशाच्या डोळ्यासारखे. कारागीर म्हणतातच, डोळे पडले.

इथे माझा पहिला चुकलेला निर्णय. मी कॉम्प्रेसरवर संशय घेतला. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, तेलाचा अंश लाइनमधे येतो, हे खरं आहे आणि टाकीचा खालचा कॉक रोज उघडायला पाहिजे हेही खरं. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, पाइप धुतला, त्यात दीड दिवस गेला. १४ ला परत मारलं. तेच टोक, तेच खड्डे. आता विचार केला असता तर मंगळवारीच कळलं असतं, कारण हवेत तेल असतं तर ते अख्ख्या फळीवर पडलं असतं, एकाच टोकाला कसं येईल?

काकूंना फोन लावला. "अहो काकू, ह्या फळीच्या एका बाजूला काय होतं?"

"काय म्हणजे? ह्यांचे वडील दुपारी तिथेच आडवे व्हायचे ना. डोक्याला खोबरेल चोपडून. उशी घे म्हटलं तर ऐकायचे नाहीत."

आणि मग सहज म्हणाल्या की दिवाळीत आम्ही त्यावर तो फर्निचर चमकवायचा स्प्रे मारायचो. म्हणजे तीस-चाळीस वर्षांचं खोबरेल आणि वर सिलिकॉन. असल्या स्प्रेमधे बरेचदा सिलिकॉन असतं आणि सिलिकॉन हे पॉलिशवाल्याचं सगळ्यात मोठं वैरी, कारण ते घासून जात नाही, पेपरने तुम्ही ते उलट सगळीकडे पसरवता. लाकडाच्या रेषांत बसतं आणि त्यावर ओला लॅकर टिकत नाही, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा गोळा होतो.

डोळ्यांवर काय काय करता आलं असतं

बाजारात फिश आयसाठी, म्हणजे ह्याच डोळ्यांसाठी, थेंब मिळतात, लॅकरमधे टाकायचे. काम होतं, पण ते थेंब म्हणजे स्वतः सिलिकॉनच, एकदा गनमधून गेलं की गन, पाइप, गाळा सगळीकडे त्याचा अंश राहतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या दारावर डोळे येतात. मी वापरत नाही. दुसरा उपाय, खड्ड्यांवर अगदी हलका, जवळजवळ कोरडा फवारा मारत मारत ते बुजवणं. चार-दोन खड्डे असले तर चालतं, इथे शंभरेक होते. तिसरा, सगळं काढून परत सुरुवात. १४ तारीख, हातात तेरा दिवस. तिसराच निवडला.

सीलर थिनरने धुऊन काढला. मग ते टोक थिनरच्या चिंधीने पुसायचं, आणि यात एकच गोष्ट खरी कामाची आहे ती म्हणजे प्रत्येक पुसण्याला नवी चिंधी. तीच चिंधी फिरवली तर तेल इकडचं तिकडे होतं बस. आमच्या एका पोराने काकूंच्याच जुन्या सुती साडीचे पंचवीस-तीस तुकडे केले, पहिले आठ-दहा पिवळे निघत होते, शेवटचे पांढरे. मग रात्रभर सुकू दिलं.

त्यावर चपड्याचा बांध घातला, म्हणजे तेल अडवणारा मधला थर. लाख ही अशी चीज आहे की ती तेलालाही धरते आणि तिच्यावर लॅकरही धरतं, मधला माणूस म्हणून तिच्यासारखी कोणी नाही. फक्त चपड्यात नैसर्गिक मेण असतं, ते तसंच ठेवलं तर वरचं लॅकर नीट पकडत नाही. आमच्याकडे स्पिरिटमधे भिजवलेल्या चपड्याची एक बरणी कायम असते, लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम, ती हलवायची नाही, मेण तळाला बसतं, वरचं निवळ तेवढं ओतून घ्यायचं. कापडात कापूस बांधलेल्या पोटलीने दोन पातळ हात दिले. १६ ला दहीहंडी, त्या दिवशी पोरं येणारच नव्हती, ठाण्यात त्या दिवशी दहा थर लागले आणि दोघेही तिथे मान वर करून उभे. म्हणून दुसरा हात १७ ला सकाळी मीच मारला. दुपारी सीलरचा हात मारला, एकही डोळा नाही. तासाभराने दुसरा, तो सुकल्यावर ३२० ने हलकं घासलं, कडांना फक्त हात फिरवला कारण कडेचं फिनिश सगळ्यात आधी कापलं जातं.

इथेच थांबायला पाहिजे होतं.

अडचण दुसरी: पांढरं धुकं

१७ तारखेची संध्याकाळ, रविवार. बाहेर आभाळ भरलेलं, भिंतीवरचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ८८ टक्के दाखवतोय. माझ्या दोन पोरांतला शहापूरचा पोरगा संध्याकाळी सहज चक्कर मारायला आला होता, म्हणाला, "दादा, आज नको मारू." मला दिसत होते उरलेले दहा दिवस आणि डोळ्यांत गेलेले पाच. म्हटलं एक हात मारून ठेवतो, उद्या बघू.

मारलं. गन १.४ मिलिमीटर तोंडाची, हवेचा दाब ४० पीएसआय, फळीपासून सात-आठ इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, ट्रिगर फळीच्या बाहेर दाबून बाहेरच सोडायचा, मनगट गोल न फिरवता हात सरळ न्यायचा, सगळं पुस्तकातल्यासारखं. ओली असताना फळी आरशासारखी दिसली. तीन-चार मिनिटांत मधोमध एक पांढुरकी छटा आली, पेजेवर साय धरते तशी, आणि ती कडेपर्यंत पसरत गेली. सागाच्या रेषा दिसेनाशा झाल्या.

पोरगा काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

याला इंग्रजीत ब्लश म्हणतात, आमच्यात "लॅकर पांढरं मारलं" एवढंच. खरं तर यात घाबरण्यासारखं फार नसतं, हवा सुधारली की कधी कधी आपोआप जातं, पण त्या रात्री असं वाटत नाही. त्या रात्री हात शिवशिवतात.

दुसरा निर्णय, जो थोडक्यात वाचला

लगेच करण्यासारखं जे जे सुचलं ते सगळं चुकीचं होतं. एक, वरून अजून एक हात मारणं. त्याने ओल आतच कोंडते. दोन, घासून काढणं, पण लॅकर अजून मऊ असतं, पेपर भरतो आणि गोळ्या होतात. तीन, हॅलोजनच्या दिव्याने तापवणं. पोरगा म्हणाला ५०० वॅटचा आहे, लावू का? त्याला जोरात ओरडलो. नायट्रोसेल्युलोज म्हणजे जुन्या काळच्या पेट घेणाऱ्या सिनेमाच्या फिल्मची भावकी, थिनरची वाफ गाळ्यात भरलेली, तिथे तापलेला दिवा लावायचा म्हणजे शेजारच्या चार गाळ्यांसकट जायचं. फवारा मारून झाल्यावर तासभर तरी आम्ही साधं बटणही दाबत नाही.

मग १८ आणि १९ ला जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल, रस्त्यांवर पाणी, शाळा बंद. पोरं येऊ शकली नाहीत. खरं सांगायचं तर त्या पावसाने काम वाचवलं, नाहीतर मी १८ ला परत काहीतरी उद्योग केला असता.

काय केलं

शेजारी एक छपाईवाला आहे, कागद फुगू नये म्हणून त्याच्याकडे पावसाळ्यात हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चालू असतो. २० ला गाळ्यात थिनरचा वास पूर्ण गेल्यावर तो मागून आणला, मागच्या छोट्या खोलीत फळी ठेवली, दार बंद, रात्रभर चालवला. सकाळी बादलीत चार-पाच लिटर पाणी. खोलीत आर्द्रता ५८ टक्के. यंत्र आधी बाहेर काढलं, मग फवारा, हा क्रम महत्त्वाचा आहे कारण मोटर आणि थिनर एका खोलीत नको.

मग रिटार्डर. हे हळू उडणारं थिनर, मुख्यतः ब्युटाइल सेलोसॉल्व. काम साधं, सुकायचा वेग कमी करायचा म्हणजे पृष्ठभाग फार गार होत नाही आणि आत बसलेलं पाणी बाहेर पडायला वेळ मिळतो. थिनरमधे थोडं रिटार्डर मिसळून, लॅकर जवळजवळ नाहीच, असा एक अगदी झिरझिरीत फवारा पांढऱ्या फळीवर मारला. खिडकीतल्या उजेडात तिरकं बघत उभे होतो. आधी काही नाही. मग एका कोपऱ्यातून साय विरघळत गेली आणि खालून सागाची रेष वर आली, मग दुसरी. पाचेक मिनिटांत फळी परत तपकिरी. शहापूरवाला हसला, मी चहा सांगितला.

त्यानंतर २१ आणि २२ ला मिळून लॅकरचे तीन हात. अर्धं लॅकर अर्धं थिनर आणि थिनरमधे रिटार्डर, एकूण मिश्रणाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. रिटार्डर जास्त घातलं तर सुरक्षित वाटतं पण फिनिश कितीतरी दिवस मऊ राहतं, हे मला माहीत होतं आणि तरी शेवटच्या हाताला मी बहुतेक सढळ ओतलं. पातळ हात, मधे दीड-दोन तास. जाड एक हात मारून काम उरकायचा मोह होतो, त्यात ओघळ येतात आणि वरची कातडी आधी सुकून आतलं थिनर अडकतं. मास्क साधा कापडी नाही, वाफेचा कार्ट्रिजवाला. पोरांना गरम होतं म्हणून काढतात, मी पगारातून कापेन म्हणतो तेव्हा घालतात.

शेवटी काय झालं

२५ ला फळी घरी पोचली आणि टांगली. काकूंना लिहून दिलं: हाताला सुकलं वाटलं तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर बसायचं नाही, फुलांची परडीसुद्धा ठेवायची नाही, खाली सुती कापड घालूनही नको आणि नुसती टेकवूनही नको. आणि रेक्झिनची गादी कधीच नको, त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य लॅकरमधे उतरतं आणि चिकट होतं.

आता गणपतीच्या घरात नवीन झोपाळा आणि त्यावर बसायचं नाही, हे कुठल्या जगात होतं? दीड दिवस धीर धरला म्हणे. गौरीजेवणाला ओळीने सवाष्णी बसल्या, चांगली जरीची वस्त्रं नेसून. संध्याकाळी काकूंचा फोन, "अरे, फळीवर नक्षी उमटलीय." गेलो तर खरंच, एका ठिकाणी पदराच्या जरीचे बुट्टे उलटे छापलेले, बाजूला सतरंजीची वीण. त्यांना वाईट वाटत होतं, मला मनातून ती बुट्टी फारच सुबक वाटली.

लगेच हात लावला नाही. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, त्यांच्याच बाल्कनीत फळी उतरवून ओल्या ८०० च्या पेपरने नक्षी घासून काढली, नीट सुकवून एक हात मारला. एनसी असल्यामुळे खालच्यात मिसळून गेला, जोड दिसत नाही. पीयू असतं तर नक्षी उमटली नसती, हेही मान्य करायला पाहिजे.

पैशांचं बोलणं साडेनऊ हजारांचं होतं, तेवढेच घेतले. पोरांची चार दिवसांची मजुरी, वाया गेलेला सीलर, दसऱ्यानंतरची फेरी, हे माझ्या खिशातून. या कामात काही सुटलं नाही.

परत असं काम आलं तर

सगळ्यात आधी, फळी आली त्याच दिवशी काकूंना ते प्रश्न विचारीन जे १४ ला विचारले: कोण बसायचं, तेल लावायचात का, चमकवायचा स्प्रे कधी मारलाय का. दोन मिनिटांचा फोन, त्यात पाच दिवस वाचले असते. स्पिरिट-थिनरची परीक्षा वरून, खालून आणि टोकांना, तिन्हीकडे. सागवानाला स्वतःचंही तेल असतंच, त्यामुळे जुन्या सागावर आता मी न विचारता चपड्याचा बांध घालतो, फारतर एक दिवस जास्त जातो.

हायग्रोमीटर ७५ च्या वर असेल तर गन उचलायची नाही, हे आता पोरांना सांगून ठेवलंय आणि मला अडवायचा अधिकारही दिलाय. रिटार्डर हा पांढरेपणा काढायला ठीक, त्याच्या जिवावर ८८ टक्क्यांत फवारा मारायला नाही.

तारखेचं मात्र अजून जमलेलं नाही. फळी १० जुलैला आली असती तरी जुलै काही कोरडा नसतो, खरं म्हणजे ही कामं मेमधे यायला पाहिजेत आणि लोकांना गणपती आठवतो तो नारळी पौर्णिमेच्या आसपास. मी दोन पर्याय ठेवलेत: एकतर गणपतीआधी नुसता चपडा मारून टांगून देतो आणि दसऱ्यानंतर त्यावर लॅकर, किंवा सरळ दिवाळीची तारीख. पहिल्याला लोक तयार होतात, कारण झोपाळा तर हलतो ना.

काकूंनी रेक्झिनची गादी काही टाकली नाही. खाली जाड सुती चादर घालतो म्हणतात. मी त्या बाजूला गेलो की वर जाऊन बघून येतो.